दुधाआधी ऊब

मांजरीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन जेमतेम १०० ग्रॅम असते, डोळे मिटलेले आणि कान बंद असतात, आणि अंग ऊबदार ठेवणे, दूध मिळवणे, मलमूत्र विसर्जित करणे यांपैकी एकही गोष्ट त्याला आईवाचून जमत नाही. ही सारी कामे मांजरी माळ्यावर किंवा अडगळीत, माणसाच्या नजरेआड उरकते. त्यामुळे पहिल्यांदाच पिल्लू घरी आणणाऱ्याला वाटते की बशीभर दूध आणि जुने दुपटे एवढ्यावर त्याचे भागेल. मराठी घरांत ही समजूत विशेष बळकट आहे, कारण वाड्यांतली आणि शेतघरांतली मांजरे पिढ्यान्‌पिढ्या दूध-पोळीवर पोसलेली दिसत आली आहेत. वस्तुतः त्या मांजरांचे खरे पोषण कणगीभोवतीच्या उंदरांवर होत होते, त्यांची पिल्ले त्यांच्या आयांनीच वाढवलेली असत, आणि दूध-पोळी हा केवळ वरचा खाऊ होता. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत आलेल्या तान्ह्या पिल्लाला ना आई असते ना उंदीर, आणि त्या दोहोंची उणीव पाळणाऱ्यालाच भरून काढावी लागते.

पिल्लू खरोखर अनाथ आहे काय, हा पहिला प्रश्न असतो आणि दयेच्या घाईत नेमका तोच विसरला जातो. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात ते निराधार नाही; माणसांची वर्दळ, बोक्याची भीती, पावसाचे पाणी किंवा पिसवांनी भरलेली जागा यांमुळे ती पिल्लांना मानेला धरून एकेक करून हलवते, आणि या स्थलांतरात एखादे पिल्लू काही तास जिन्याखाली किंवा वाहनतळाच्या कोपऱ्यात एकटेच असते. शिवाय दूध पाजणाऱ्या मांजरीलाही स्वतःच्या पोटासाठी बाहेर पडावे लागते. पोट गोल, अंग कोमट आणि झोप शांत असेल तर पिल्लू बहुधा टाकून दिलेले नसते. थंड पडलेले, सतत ओरडणारे, पोट खपाटीला गेलेले किंवा मुंग्या लागलेले पिल्लू मात्र तात्काळ उचलले पाहिजे. शंका असेल तर दूर थांबून काही तास वाट पाहावी, आणि तेवढी सवड नसेल तर पिल्लाभोवती कोरड्या पिठाचे पातळ कडे भुरभुरून जावे, म्हणजे आई येऊन गेली असल्यास तिच्या पावलांचे ठसे उमटतात. माणसाचा हात लागलेले पिल्लू मांजरी टाकून देते ही समजूत सहसा खरी ठरत नाही. जागा असुरक्षित वाटली तर ती पिल्लाला घेऊन निघून जाते, एवढेच.

आई हयात असेल तर किमान आठ आठवडे, आणि जमल्यास बारा आठवडे, पिल्लू तिच्याजवळच राहू देणे सर्वांत श्रेयस्कर असते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाच हजारांहून अधिक पाळीव मांजरांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकता अधिक आढळली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू सर्वांत गोंडस दिसते आणि त्याच वेळी ते उचलून देण्याघेण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. ही रीत मोडण्यासारखी आहे.

वय ठाऊक नसेल तर शरीरच ते सांगते, आणि ते जाणणे आवश्यक असते, कारण आहार आणि ऊब दोन्ही वयानुसार बदलतात. नाळेचा सुकलेला तुकडा पोटाशी दिसत असेल तर पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतले असते. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान आपोआप उघडतात, ते बोटांनी उघडण्याचा प्रयत्न कधीही करू नये. मात्र मिटलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, कारण उशीर झाल्यास डोळा जाऊ शकतो. डोक्याला चिकटलेले कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताठ होतात, त्याच वेळी पुढचे बारीक दात हिरडीतून डोकावतात आणि पिल्लू डुगडुगत चालू लागते. सुळे त्यानंतर आठवडाभरात दिसतात, नखे आत ओढून घेणेही त्याच सुमारास जमते, आणि जन्मतःच्या निळ्या डोळ्यांचा रंग सहाव्या ते आठव्या आठवड्यात पालटू लागतो.

आता ऊबेविषयी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रौढ मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते; नवजात पिल्लाचे मात्र पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ ते ३६.५ अंशच असते आणि तेही बाहेरच्या ऊबेवर अवलंबून असते, कारण थंडी वाजली की थरथरून उष्णता निर्माण करण्याची क्षमता त्या वयात आलेली नसते. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात ही ऊब अखंड मिळते. एकट्या पिल्लाला ती मिळत नाही. शरीराचे तापमान साधारण ३४-३५ अंशांच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते, गिळण्याची शक्ती क्षीण होते, आणि अशा वेळी पाजलेले दूध पोटात तसेच पडून आंबते किंवा श्वासनलिकेत उतरते. भिजलेले, गारठलेले पिल्लू घरी आणून कळवळ्याने प्रथम दूध पाजणारा माणूस म्हणूनच नकळत त्याच्या मृत्यूला कारण होऊ शकतो. क्रम उलटा हवा: आधी ऊब, ती पुरेशी झाल्यावर दूध.

गारठलेल्या पिल्लाला ऊब सावकाश, तासाभरात किंवा त्याहून अधिक वेळात द्यावी. मऊ कापडाने अंग कोरडे करून त्याला कपड्याच्या आत छातीशी धरणे हा सर्वांत साधा आणि निर्धोक उपाय आहे; गरम पाण्यात बुडवणे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राचा झोत जवळून सोडणे धोक्याचे. पिल्लू अगदी मलूल असेल तर रक्तातील साखर घटलेली असण्याचा संभव असतो, म्हणून ऊब देत असतानाच साखरेच्या घट्ट पाण्याचे एक-दोन थेंब हिरड्यांवर चोळावेत, घशात ओतू नयेत, आणि दवाखान्याची वाट धरावी. नेहमीसाठी उंच कडांचे पुठ्ठ्याचे खोके पुरते. त्याच्या एका बाजूला गोधडीत किंवा जाड टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवून दुसरी बाजू तशीच सोडावी, म्हणजे उकडू लागल्यास पिल्लाला सरकता येते. पिशवी दर काही तासांनी बदलावी लागते, कारण थंड झालेली पिशवी पिल्लाच्या अंगातलीच ऊब शोषून घेते. खोक्याच्या उबदार बाजूचे तापमान पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश, पुढे हळूहळू उतरते आणि पाचव्या आठवड्याच्या सुमारास २४ अंशांपर्यंत असावे. मे महिन्यातल्या मुंबईत किंवा विदर्भात एवढी उष्णता हवेतच असते आणि तेथे चिंता उलट, अतिउष्णतेची करावी लागते. परंतु नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या रात्री, वातानुकूलित खोली, डोक्यावर फिरणारा पंखा आणि पावसाळ्यात लघवीने ओले होऊन तसेच राहिलेले अंथरूण, या चारही गोष्टी तान्ह्या पिल्लाला सारख्याच मारक असतात.

ऊबेनंतर दूध. गाईच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ३.३ टक्के असते आणि मांजरीच्या दुधात ते त्याच्या दुपटीहून अधिक असते; पंधरवड्याच्या आत वजन दुप्पट करणाऱ्या पिल्लाला तेवढ्याची गरजच असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असला तरी प्रथिनांची तूट तेथेही भरून निघत नाही. त्यातच गाईच्या दुधातील ऊर्जेचा मोठा वाटा दुग्धशर्करेचा, म्हणजे दुधातील नैसर्गिक साखरेचा असतो, आणि ती न पचल्याने पिल्लाला हगवण लागते. एवढ्याशा जिवाच्या शरीरात पाणी ते किती असणार. काही तासांच्या हगवणीनेही ते धोक्याच्या पातळीपर्यंत घटते. दूध पचत नाही म्हणून त्यात पाणी घालण्याचा घरगुती तोडगा तर दुहेरी तोट्याचा आहे, कारण आधीच अपुरी असलेली प्रथिने त्यामुळे आणखी विरळ होतात. मांजरीच्या पिल्लांसाठीच तयार केलेली दूधभुकटी आता शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि घरपोच सेवेनेही मिळते, तीच वापरावी. ती हाती येईपर्यंत एखाद्या रात्रीची वेळ निभावायची असेल तर काय द्यावे हे पशुवैद्याला दूरध्वनीवर विचारून ठरवावे. माणसांच्या बाळांसाठीची दूधभुकटी हा त्यावरचा उपाय नव्हे.

भुकटीचे प्रमाण डब्यावर दिलेले असते आणि ते अंदाजाने कमी-अधिक करू नये. पिल्लाचे जठर फार लहान असते; प्रत्येक १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी सुमारे ४ मिलिलिटर एवढेच त्यात सुखाने मावते, आणि दिवसभराची गरज मात्र त्याच वजनामागे साधारण २० मिलिलिटरची असते. म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी ८ मिलिलिटर आणि दिवसाकाठी सुमारे ४० मिलिलिटर लागेल. जठर असे लहान असल्याने दूध थोडेथोडे आणि वारंवार पाजावे लागते: पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी आणि चौथ्यात पाच-सहा तासांनी, अर्थात रात्रीसुद्धा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घराबाहेर असणाऱ्या एकट्या माणसाने तीन आठवड्यांच्या आतले पिल्लू सांभाळण्याचा हट्ट धरू नये. परिसरातील प्राणिमित्रांकडे चौकशी करून नुकतीच व्यालेली दुसरी मांजरी शोधावी, कारण दूध असलेल्या मांजरी पुष्कळदा परकी पिल्लेही स्वीकारतात.

पाजताना पिल्लू पालथेच असावे, पोट टेकलेले आणि मान किंचित वर, जसे ते आईच्या कुशीत पिते. माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात जाते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया बहुधा प्राणघातक ठरतो; नाकातून दूध किंवा बुडबुडे येऊ लागले तर पाजणे तत्क्षणी थांबवावे. दूध शरीराइतके कोमट असावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून ते तपासावे. पिल्लांची छोटी बाटली चांगली; सुई काढलेली सिरिंजही चालते, पण तिचा दट्ट्या जोराने दाबायचा नसतो, पिल्लू गिळेल तसतसे थेंब सोडायचे असतात. पाजून झाल्यावर पाठीवर हलके थोपटून ढेकर काढावा. बाटली-सिरिंज दर वेळी उकळून घ्यावी आणि उरलेले दूध पुन्हा गरम करून पाजू नये.

प्रत्येक पाजण्यानंतर एक काम उरते, जे नवख्या माणसाला सुचतही नाही. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आपणहून लघवी किंवा शौच करता येत नाही. आई त्याचा पार्श्वभाग चाटते तेव्हाच ती प्रतिक्षिप्त क्रिया घडते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने तो भाग हलकेच पुसत राहिल्यास मिनिटाभरात लघवी होते. ती प्रत्येक वेळी व्हायला हवी. शौच दिवसातून एक-दोनदा झाले तरी पुरे. पोट फुगलेले आणि ताठ असेल व दिवस उलटूनही शौच झाले नसेल तर वाट पाहत बसू नये.

या काळात घरात एकच यंत्र खरे उपयोगी पडते, ते म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. पिल्लाचे वजन रोज एकाच वेळी करून वहीत लिहावे. निरोगी पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅमने वाढते, महिन्याचे होईतो ४५० ग्रॅमच्या आसपास आणि दोन महिन्यांचे होईतो त्याच्या दुप्पट होते. आजार बाहेर दिसण्यापूर्वी तो वजनात दिसतो. एक दिवस वजन स्थिर राहिले तर सावध व्हावे आणि घटले तर दवाखाना गाठावा, कारण तान्ही पिल्ले सकाळी खेळत असतात आणि संध्याकाळपर्यंत निपचित पडतात, आणि त्यांच्या बाबतीत ‘उद्यापर्यंत पाहू’ याला अर्थ नसतो. तालुक्याच्या ठिकाणचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो, शहरांतही मांजरांचा सराव असलेला डॉक्टर प्रत्येक पेठेत नसतो. म्हणून रात्री-अपरात्री कोणाकडे जायचे हे पिल्लू आणण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

चौथ्या आठवड्यापासून दुधाबरोबर मऊ अन्न सुरू करता येते आणि येथे दूध-पोळीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, तो अधिक गंभीरपणे. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे आणि ही त्याची आवड नसून शरीररचनेची अट आहे. गाजर-पालेभाज्यांतील केरोटिनपासून जीवनसत्त्व ‘अ’ बनवणे माणसाला साधते, मांजराला नाही. ते त्याला प्राणिज अन्नातूनच तयार मिळावे लागते. टॉरिन नावाचा एक अमिनोआम्लसदृश घटकही मांजराचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही आणि तो वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतोच. टॉरिनअभावी मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल झिजते हे १९७५ मध्ये दाखवले गेले, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाचे स्नायू ताणून निकामी होण्याचा मांजरांतील विकारही याच घटकाच्या कमतरतेशी जोडला; तयार मांजरखाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले ते त्यानंतर. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दहीभातावर वाढवलेले सदनिकेतले मांजर काही महिने ठणठणीत दिसते, पण त्याचे डोळे आणि हृदय आतून झिजत असतात. कुत्र्याचे खाद्यही याच कारणाने चालत नाही.

केवळ मांस दिल्यानेही भागत नाही. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे पिल्ले आवडीने खातात, परंतु त्यात कॅल्शियम नगण्य असते आणि महिनोन्‌महिने तेवढ्यावरच वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होऊन साध्या उडीनेही मोडतात. उंदीर खाणाऱ्या मांजराला मांसाबरोबर हाडे, काळीज, आतडी असे सारेच मिळते, ही त्याच्या आहाराची खुबी आहे. किनारपट्टीवरच्या घरांत मासळीचा प्रश्न येतो: काटे काढलेली, बिनमिठाची, शिजवलेली मासळी अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ‘ब-१’ नष्ट करणारे द्रव्य असते आणि सुक्या मासळीत मीठ फार असते, म्हणून तोच रोजचा आहार करू नये. नवख्या माणसाने स्वतः आहारशास्त्र रचत बसण्यापेक्षा खास पिल्लांसाठीचे पूर्ण तयार खाद्य आणणे शहाणपणाचे ठरते. सुरुवातीला ते ओले खाद्य कोमट दूधभुकटीत कालवून पातळ करावे, आठवड्या-दोन आठवड्यांत घट्ट करत न्यावे, कोरडे दाणे भिजवून द्यावेत, आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध पूर्ण बंद करून दिवसातून चार वेळा खाणे व सदैव स्वच्छ पाणी ठेवावे. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात, तेव्हा घरच्या रश्शातले मटण त्याला धुऊनही देऊ नये. ज्या घरात मांसयुक्त तयार खाद्यही उंबऱ्याच्या आत येणे मान्य नसेल, त्या घराने मांजर न पाळणे हेच त्या प्राण्यावरचे खरे उपकार होत.

शौचाची सवय लावणे त्या मानाने सोपे आहे. चौथ्या आठवड्यात पिल्लू आपणहून मऊ जागा उकरू लागते, तेव्हा बुटक्या कडांचा ट्रे त्याच्या आटोक्यात पण खाण्यापासून दूर ठेवून खाल्ल्यावर त्याला त्यात बसवले की दोन-चार दिवसांत ते शिकते. ट्रेत पसरण्यासाठी ओलसरपणाने गोळा होणारे लिटर मात्र लहान पिल्लांना वापरू नये, कारण ती ते चाखतात आणि ते पोटातही तसेच फुगते. साधी वाळू किंवा कागदाचे तुकडे पुरेसे आहेत. चुकीच्या जागी घाण केली म्हणून नाक घासण्याची शिक्षा क्रूर तर आहेच, निरुपयोगीही आहे.

रोगप्रतिकाराच्या बाबतीतही आईची भूमिका मोठी असते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, पिल्लाला प्रतिपिंडे मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर पहिल्या दिवसभरातच संपते. चीक न मिळालेले पिल्लू त्यामुळे जवळजवळ उघडे असते. मिळालेल्या पिल्लाचे संरक्षणही सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान केव्हातरी ओसरते. आईची प्रतिपिंडे शिल्लक असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करतात आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून एकच लस टोचून काम भागत नाही: सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. ही तिहेरी लस सर्दी-डोळे येण्याचे दोन विषाणुजन्य रोग आणि पॅनल्यूकोपेनिया यांविरुद्ध असते. पॅनल्यूकोपेनियाला बोलीत ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणतात; त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, उलट्या आणि हगवण सुरू होते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकून राहतो, म्हणून ज्या घरात या रोगाने मांजर गेले असेल तेथे लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. घरात आधीच मांजर असेल तर नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात दिली जाते.

पोटातले जंत मात्र आईकडूनच येतात. गोल जंतांच्या अळ्या तिच्या दुधातून पिल्लात उतरतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी वजनानुसार जंतनाशक देण्याची पद्धत आहे. पिसवा ही क्षुल्लक बाब वाटते, पण एवढ्या लहान शरीरातले रक्त शोषून त्या पिल्लाला जीवघेणा पंडुरोग करू शकतात. त्यांवर बारीक दातांचा कंगवा आणि गरज पडल्यास कोमट पाण्याची झटपट आंघोळ व लगेच कोरडे करणे, एवढेच घरी करावे. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधात बहुधा परमेथ्रिन असते आणि मांजराला त्याने झटके येऊन मृत्यू येतो. मांजराच्या यकृतात काही रसायनांचा निचरा करणारी यंत्रणाच दुबळी असल्याने माणसाला निरुपद्रवी वाटणारे पदार्थ त्याला विषारी ठरतात: तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी प्रौढ मांजरालाही मारू शकते, आणि फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून पाय चाटणारे पिल्लूही आजारी पडते. सर्दी झाली म्हणून निलगिरीचे तेल किंवा कापूर लावणे, कपाटात उघड्या डांबरगोळ्या ठेवणे, पुष्पगुच्छातली लिली फुलदाणीत सजवणे, हेही टाळावे. लिलीच्या परागकणांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. गजऱ्याचा दोरा, सुईतला धागा, पतंगाचा मांजा यांचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे: मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो आणि आतडे चुण्या पडून कापले जाते. दोऱ्याचे टोक बाहेर लोंबत असले तरी ते ओढू नये, पशुवैद्याकडे न्यावे. खिडक्यांच्या ग्रीलमधून पिल्लू आरपार जाते, म्हणून त्यांना जाळी हवी.

घरातल्या माणसांच्या आरोग्याविषयी भीती आणि बेफिकिरी या दोन्ही गोष्टी सारख्याच आढळतात. मांजराचा केस पोटात गेल्याने दमा होतो ही भीती चुकीच्या जागी आहे. ज्यांना मांजराचा त्रास होतो त्यांना तो त्याच्या लाळेतील आणि त्वचेतील एका प्रथिनामुळे होतो. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे गर्भवती स्त्रीच्या बाळाला अपाय होऊ शकतो हे खरे, परंतु मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची बीजे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कोणी ट्रे रोज साफ केला तर मांजर हाकलून देण्याचे कारण उरत नाही. अर्धकच्चे मांस आणि न धुतलेल्या भाज्या हे त्या संसर्गाचे मोठे मार्ग आहेत. गजकर्ण मात्र पिल्लांकडून मुलांना सहज होते, तेव्हा केस गळून पडलेले गोल चट्टे दिसताच दोघांवरही उपचार करावेत. आणि रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाने चावा घेतला किंवा ओरबाडून रक्त काढले तर ते कितीही लहान असले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीज प्रतिबंधक लस घेण्यासाठी रुग्णालयात जावे. येथे कोणताही अंदाज बांधू नये, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार नाही.

पिल्लाचा स्वभाव ज्या काळात घडतो तो फार आखूड असतो. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातील आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दुसरा ते सातवा आठवडा हा मांजराला माणसाची ओळख पटण्याचा निर्णायक काळ असल्याचे दिसून आले आणि रोज अधिक वेळ हाताळलेली पिल्ले माणसांजवळ अधिक रमतात असेही आढळले. या काळात घरातल्या निरनिराळ्या माणसांनी त्याला हळुवारपणे कुरवाळावे, मिक्सर-कुकरचे आवाज दुरून कानांवर पडू द्यावेत, पाहुण्यांचीही सवय करावी. चावा किती जोराचा घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी दंगामस्ती करताना शिकते. एकट्या पिल्लाला ही शाळा नसते, म्हणून शक्य असेल तर एकाच वेताची दोन पिल्ले आणणे दोघांच्याही आणि घराच्याही हिताचे असते. हाताची बोटे नाचवून खेळवणे मोहक वाटते, पण दोन महिन्यांच्या दातांनी चालणारा तोच खेळ वर्षभराने रक्त काढतो. खेळायला कागदाचा बोळा द्यावा.

एवढे कष्ट घेऊन वाढवलेले पिल्लू चार-पाच महिन्यांचे होताच स्वतः आई होण्याच्या उंबरठ्यावर येते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात पहिले वेत झाल्यावर येते. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचाच असतो, उष्ण प्रदेशात ती वर्षातून अनेकदा माजावर येऊ शकते, आणि मग ती नकोशी पिल्ले गोणीत घालून मंडईत किंवा दूरच्या वस्तीत नेऊन सोडली जातात. पाळलेल्या प्राण्याला पुरेशा कारणाविना असे बेवारस टाकणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे. म्हणून सोळाव्या आठवड्यातली शेवटची लस टोचून घेताना त्याच पशुवैद्याकडे नसबंदीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी, आणि ती मांजरी पहिल्यांदा माजावर येण्यापूर्वीची असावी.